तोंडातलं गोंदण

फेब्रुवारीतला रविवार. जेवताना डावा गाल दाताखाली आला आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ताट तसंच ठेवून बेसिनपाशी गेले, चूळ भरली आणि कितपत लागलंय ते बघायला मोबाइलचा टॉर्च लावून आरशासमोर आ केला. लागलं फारसं नव्हतं. पण बोटाने गाल ओढून धरला तेव्हा खालच्या दाढेच्या मुळाशी, हिरडी संपून गालाकडे वळते त्या खाचेत, एक डाग दिसला. मसुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. काळा म्हणावा तर काळा नाही, निळसर, करडा. शाईच्या पेनाची निब कागदावर टेकून राहिली की शाई जशी कडेने फुटत जाते, तशी त्याची कड.

दुखत नव्हता. बोटाला लागत नव्हता. ब्रशने घासून जात नव्हता.

"जांभळं खाल्लीस का?" नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवून बघत विचारलं.

"फेब्रुवारीत?"

"मग असेल काहीतरी," म्हणून तो मॅच बघायला गेला. त्याचं सगळ्याच गोष्टींचं निदान हे असतं, आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे ते बहुतेक वेळा बरोबर निघतं.

तो डाग तिथे कधीपासून होता ते मला आजही सांगता यायचं नाही. हनुवटीवर एक केस उगवला तरी मला पत्ता लागतो. कपाळावरच्या वांगाची मी बारा वर्षं खबर ठेवून आहे. पण ज्या तोंडाने एकोणपन्नास वर्षं जेवले, भांडले, त्याच्या आत मी कधी डोकावलेच नव्हते. दात दुखला तर दात बघायचा, एवढंच. म्हणजे डाग परवाचा होता की वीस वर्षांपूर्वीचा, हा पहिलाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. पुढे कळलं की डॉक्टरांचाही मोठा प्रश्न हाच असतो.

रात्री सगळे झोपल्यावर जे करू नये ते केलं. फोन उघडला. तोंडातला काळा डाग म्हणून शोधलं आणि दहा मिनिटांत मेलानोमापर्यंत पोचले. अंगाला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांचा कॅन्सर. तोंडात तो फारच क्वचित होतो. झालाच तर जास्त करून टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून उशिरा लक्षात येतो. अकरा वाजेपर्यंत 'दुखत तर नाहीये' हा माझा आधार होता. अकरा वाजून पाच मिनिटांनी तीच माझी भीती झाली.

आमच्या घरात तोंडाच्या कॅन्सरला चेहरा आहे. माझे मधले काका. १९९८ सालचं सगळं वर्ष ते ठाण्याहून लोकलने परळला टाटाच्या वाऱ्या करत होते. आधी एकटे, मग काकूला घेऊन, शेवटी टॅक्सीने. डाव्या बाजूचा जबडा काढला होता. भात मिक्सरमधून काढून चमच्याने द्यावा लागे आणि तो कोपऱ्यातून ओघळे, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून जेवत. मी तेव्हा बावीस वर्षांची. घरातलं कुणी बघत नाही अशा बेताने ते रुमालाने हनुवटी टिपायचे, ती हालचाल मला अजून जशीच्या तशी दिसते. त्या रात्री अंधारात मी स्वतःची हनुवटी चाचपून बघितली.

आणि त्याच रात्री, का कोण जाणे, आत्याची जीभ आठवली.

आमच्या आत्याच्या जिभेवर काळे ठिपके आहेत. जीभ पूर्ण काळी नव्हे. टोकाला आणि दोन्ही कडांना खसखस भुरभुरावी तसे बारीक ठिपके. आमचं मूळ गाव जुन्नरकडचं. तिथे अशा माणसाला काळजिभा म्हणतात, बाईला काळजिभी. तिच्या तोंडून निघालेलं खरं होतं असा समज. म्हणजे वाईट निघालेलं. चांगलं खरं झालं तर त्याचं श्रेय देवाला. आत्या चौदा वर्षांची असताना खळ्यावर बाजरीची मळणी चालली होती आणि ती आभाळाकडे बघून म्हणाली, "पाऊस येतोय वाटतं." आला. आता डोंगराच्या अंगाने ढग चढताना कुणालाही दिसले असते, पण बोलली ती. तेव्हापासून घरात कुणी परगावी निघालं की आत्याला आत पाठवायचे. सख्ख्या चुलत बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी आजीने तिला मागच्या पडवीत बसवलं होतं, चुलीवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून. दुधाला राखण लागत नव्हती हे तिला तेव्हाही कळत होतं. तिला बघायला पाहुणे आले त्या दिवशी आजीची एकच सूचना: हसू नको फार, तोंड मिटून बस. आत्या आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि अजूनही हसताना पदर तोंडावर घेते.

मला त्या रात्री वाटलं, आपण हसतो तिला काळजिभी म्हणणाऱ्यांना. मी तरी हातात फोन घेऊन दुसरं काय करत होते? डाग दिसला आणि दिवस संपायच्या आत मी त्याचं भविष्य वाचून मोकळी झाले होते.

मंगळवारी ऑफिसातून लवकर निघाले आणि नौपाड्यात दातांच्या डॉक्टरांकडे गेले. गोखले रोडच्या गर्दीतून एका गल्लीत वळलं की जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दवाखाना. डॉक्टरीणबाई माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, पण बोलणं ठाम. त्यांनी गाल बाजूला ओढला, दिवा खाली केला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग प्रश्न सुरू झाले, आणि सुरुवातीला मला त्यांचा डागाशी संबंधच लागेना.

तंबाखू? मिश्री? सुपारी? सिगारेट? नाही, नाही, नाही, नाही. सिगारेट ओढणाऱ्यांच्या पुढच्या हिरड्यांवर तपकिरी झाक येते, सोडली की महिन्या-वर्षांत हळूहळू उतरते, असं त्या म्हणाल्या. सांधेदुखीसाठी, मलेरियावर देतात त्या जातीच्या गोळ्या घेता का? काही गोळ्यांनी टाळू निळसर होतो. नाही घेत. वजन उतरलंय? उठल्यावर चक्कर येते? सारखा थकवा? खारट खावंसं वाटतं?

"डॉक्टर, मी रोज टीएमटीच्या बसने वागळे इस्टेटला जाते. थकवा कुणाला नाही?"

त्या हसल्या, पण प्रश्न गमतीचा नव्हता. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या काम करेनाशा झाल्या की कातडी काळवंडते आणि तोंडातही तपकिरी चट्टे उठतात. थॉमस अ‍ॅडिसन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५५ मध्ये हा आजार लिहून ठेवला, त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. आपल्याकडे टीबीनेही या ग्रंथी निकामी होतात. म्हणजे तोंडातला रंग कधी कधी पोटातली बातमी सांगतो. पण त्यात चट्टे पसरलेले असतात, अनेक असतात. माझा एकच होता, एका जागी.

मग सगळ्यात विचित्र प्रश्न. "लहानपणी तोंडात पेन्सिल घेऊन पडला होतात का?"

शाळेत पोरं पेन्सिल दातात धरून पळतात, आपटतात, टोक टाळूत मोडतं. जखम भरते, पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा चुरा आतच राहतो आणि पुढे वर्षानुवर्षं टाळूवर करडा ठिपका. कुणीतरी पन्नाशीत तो बघतं आणि हादरतं. मला ही गोष्ट इतकी आवडली की आपल्या बाबतीत तसंच घडलेलं असावं असं क्षणभर वाटलं. पण माझा डाग टाळूवर नव्हता, आणि मी पळणारी मुलगीही नव्हते.

त्यांनी काचेची एक पट्टी घेतली आणि डागावर दाबून धरली. डाग शिरेचा असेल तर दाबल्यावर रक्त बाजूला सरकतं आणि रंग उतरतो. म्हाताऱ्या माणसांच्या जिभेखाली जांभळ्या गाठी दिसतात त्या अशाच, फुगलेल्या शिरांच्या. माझा रंग जागचा हलला नाही.

"या दाढेत पूर्वी चांदी भरली होती?"

भरली होती. १९८८ साली, मी सहावीत होते. तेव्हा दाताला कीड लागली की चांदीच भरायचे. डॉक्टर एका छोट्या खलात काहीतरी घोटायचे आणि ते दातात दाबून बसवायचे. दुसऱ्या दिवशी शाळेत जबडा उघडून दाखवायचं, त्याचाही एक तोरा होता. चांदी म्हणत असलो तरी ती निव्वळ चांदी नव्हे. जवळजवळ निम्मा पारा, आणि बाकीच्यात चांदी, कथील, तांबं. पुढे २०११ मध्ये ती दाढ पुन्हा दुखायला लागली तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यात, नाव नको, जुनी चांदी कोरून काढली आणि दाढेवर टोपी बसवली. ती दुपार मला चांगली आठवते, कारण यंत्र चालू असताना जिभेवर वाळू आल्यासारखी कचकच होत होती आणि थुंकले तेव्हा पाणी करडं होतं. यंत्र एकदा हिरडीला लागलंही होतं. "थोडं रक्त येईल," एवढं बोलून ते कामाला लागले होते.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. अशा वेळी दाताभोवती रबराचा पडदा ताणून बसवतात म्हणे, उडालेला चुरा तोंडात जाऊ नये म्हणून. तो नसला आणि हिरडीला खरचटलेलं असलं की धातूचे बारीक कण जखमेत शिरतात. वरून कातडी भरून येते. कण आतच राहतात आणि हळूहळू आजूबाजूच्या धाग्यांना आपला रंग चढवत बसतात. "टॅटूच असतो तो. नावही तेच आहे, अमाल्गम टॅटू. अपाय काही नाही."

मी सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं. एक्स-रे काढला. कण जरा मोठे असतील तर एक्स-रेत दाढेच्या बाजूला पांढरे ठिपके चमकतात आणि विषय तिथेच संपतो. माझ्या एक्स-रेत काहीच चमकलं नाही. कण फार बारीक असतील तर ते दिसतच नाहीत. किंवा मग कण नसतीलच.

"मला हे चांदीचंच वाटतंय, ताई. पण मला वाटणं वेगळं. तुमच्याकडे जुना फोटो नाही, डाग वाढतोय की तेवढाच आहे हे सांगता येत नाही. अशा वेळी तुकडा काढून बघायचा. उगाच सहा महिने घाबरत बसण्यापेक्षा सहा दिवस घाबरा."

मी विचारलं, वाढणारं ते वाईट आणि न वाढणारं ते चांगलं, एवढा साधा हिशोब का नाही? तर म्हणाल्या, तोच हिशोब तोंडात चुकतो. गालाच्या आत दोन-तीन आठवड्यांत भराभर पसरणारा एक काळा चट्टा असतो, मेलानोअकँथोमा. नाव ऐकूनच माणूस अर्धा मरावा. पण तो निरुपद्रवी. सारखं चावून-घासून चिडलेल्या जागी उठतो आणि पुष्कळदा तुकडा काढल्यावर उरलेला आपोआप मावळतो. उलट खरा मेलानोमा कधी कधी मुकाट बसून राहतो. ओठावर एखादा तिळासारखा तपकिरी ठिपका येतो तो बहुतेक नुसता ठिपकाच असतो. टाळूवरचा निळा तीळही जन्मभर तीळच राहतो. पण हे सगळे नुसत्या डोळ्यांना एकमेकांच्या वेषात दिसतात. मी रात्री जे फोटो बघितले होते त्यांतले निम्मे बहुधा कुणाकुणाचे निरुपद्रवी डागच असणार.

घरी येताना एका दवाखान्याच्या बोर्डाकडे लक्ष गेलं: लेझरने काळ्या हिरड्या गुलाबी करून मिळतील, लग्नापूर्वी खास सवलत. हा बोर्ड मी कितीदा तरी बघितला असेल. आपल्या सगळ्यांच्या हिरड्यांवर कमीअधिक काळी झाक असतेच. रंगाच्या पेशी गोऱ्या माणसाच्या हिरडीत असतात साधारण तेवढ्याच आपल्याही, आपल्या जरा जास्त काम करतात एवढंच. त्यात आजार कसला आलाय? लेझरने सोलून काढलं तरी पुष्कळांचा रंग पुढे परत येतो. पण मुलीकडच्यांना कुणी हे सांगत नाही, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण? आजीने आत्याला तोंड मिटायला सांगितलं होतं. हल्ली तोंड उघडून पैसे मोजतात.

तुकडा गुरुवारी संध्याकाळी काढला. तोंडाचे सर्जन आठवड्यातून एकदा त्याच दवाखान्यात येतात. शेजारच्या काकूंनी आदल्या दिवशी दारात गाठून बजावलं होतं, "सुरी लावू देऊ नकोस गं. सुरी लागली की पसरतो." मी हे सर्जनना सांगितलं. त्यांना नवीन नसावं. हातमोजे चढवता चढवता ते म्हणाले, सुरीने पसरत नाही, सुरीच्या भीतीने लोक उशिरा येतात आणि तोवर तो पसरलेला असतो. मग दोष सुरीवर जातो. काकांच्या वेळीही घरात हेच वाक्य कुणीतरी म्हटलं होतं, मला आठवलं.

सुन्न करायचं इंजेक्शन टोचलं तेवढंच काय ते दुखलं. पेनच्या टोपणाहून बारीक, गोल धारेची नळी डागावर ठेवून त्यांनी ती फिरवली, चिमट्याने तुकडा उचलला आणि बाटलीत टाकला. मला बघायचं होतं म्हणून त्यांनी बाटली दिव्यासमोर धरली. फॉर्मलिनमध्ये एक फिकट गुलाबी कण तरंगत होता, एका अंगाने करडा. शिजलेला साबुदाण्याचा दाणाच. इतक्याशा गोष्टीने मला चार रात्री झोपू दिलं नव्हतं. जागेवर दोन टाके घातले, काळ्या रेशमी दोऱ्याचे. घरी येऊन आरशात बघितलं तर डागाच्या जागी आता काळी गाठ.

सहा दिवस मऊ भात, दही, गार पेज. रिपोर्ट लवकर का मिळत नाही म्हणून मी चिडचिड केली, पण त्याला इलाज नसतो. तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरवायचा, मग मेणात बसवायचा, त्याचे मिलिमीटरच्या दोन-अडीचशेव्या भागाइतके पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवायचे आणि मग कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शांतपणे बसायचं. पापड लाटण्यासारखं काम, घाईत फाटतं.

रोज संध्याकाळी मासुंदा तलावाला फेऱ्या मारत होते. तिथे चाललं की कोपिनेश्वराची घंटा ऐकू येते, रंगायतनच्या अंगाला वळलं की पाण्यावरचा वारा लागतो. त्या सहा दिवसांत मला सगळ्यांची तोंडंच दिसत होती. भेळ खाणारी, हसणारी, फोनवर ओरडणारी, कठड्यापाशी पिचकारी टाकणारी. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. ठाणे स्टेशनच्या जिन्यांना ती अजून कळलेली नाही.

बुधवारी रिपोर्ट आला. इंग्रजीत, पानभर. मी आधी शेवटची ओळ वाचली, जशी आपण सगळेच वाचतो. कॅन्सरचं कोणतंही लक्षण नाही. मग जिन्यातच एका पायरीवर बसले आणि वरचं वाचलं. रंगाच्या पेशींची वाढ नाही. धातूचे बारीक काळे कण धाग्यांच्या कडेने आणि रक्तवाहिन्यांभोवती. डॉक्टरीणबाईंनी नंतर स्लाइडचा फोटो दाखवला: गुलाबी पट्ट्यांच्या मधून काळ्या कणांच्या ओळी गेल्या होत्या, भिंतीच्या भेगेतून मुंग्या जाव्यात तशा. शंका असली तर रंग उडवणारं रसायन घालूनही बघतात म्हणे. मेलॅनिन असेल तर फिकं पडतं, धातू तसाच राहतो. चांदी आहे ती.

"आता पारा अंगात भिनणार नाही ना?" माझा पुढचा प्रश्न तयार होता. एक भीती गेली की दुसरीला जागा होते. त्या म्हणाल्या, एवढ्याशा चुऱ्याने काही होत नाही. पण जुन्या चांद्या उगाच कोरून काढायला मात्र जाऊ नका, पाऱ्याची वाफ आणि चुरा उडतो तो तेव्हाच.

निघताना मी काकांबद्दल बोलले. का बोलले माहीत नाही. बरं वाटत होतं म्हणून असेल. काकांचं सुरू कसं झालं, असं त्यांनी विचारलं. आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की काकांच्या तोंडात काळं काहीच नव्हतं. तंबाखू ज्या गालात धरायचे तिथे पांढरा चट्टा होता. दोन वर्षं होता. आजी म्हणायची उष्णता आहे, आणि त्यांना सकाळी गुलकंद देत असे. पांढऱ्या डागाला आमच्या घरात कुणी भ्यायलं नाही. मग त्याच्या शेजारी लाल मखमलीसारखी जागा झाली, मग एक जखम झाली ती भरलीच नाही.

"आपल्याकडचा नेहमीचा रस्ता हाच," त्या म्हणाल्या. "पांढरं, लाल, न भरणारी जखम. काळ्याला घाबरून माझ्याकडे दहा जण येतात, पांढऱ्याला घाबरून एखादा." २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे वर्षभरात १ लाख ४० हजारांहून जास्त नवे रुग्ण निघाले, पुरुषांत तो पहिल्या क्रमांकावर आहे. त्यातले बहुतेक या रस्त्याचे, तंबाखू-सुपारीचे. माझ्या रात्रीच्या त्या मेलानोमाचे नव्हेत. तोंड किती उघडतं तेही बघा, असं म्हणून त्यांनी आपली तीन बोटं एकावर एक धरून दाखवली. एवढी आत जायला हवीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वडापाव आले. आमच्या डिस्पॅचमधला मुलगा, वय असेल एकतीस, पाव नेहमी तळहाताने चपटा करतो आणि तुकडे तोडून खातो. इतकी वर्षं मी त्याला नखरा समजत होते. त्या दिवशी विचारलं. म्हणाला, तोंड जास्त उघडत नाही मॅडम, अक्कलदाढ येतेय. तीन बोटांतली दोनही नीट जात नव्हती. खिशात सुपारीची पुडी. सुपारीनेच गालाची आतली कातडी दोरीसारखी ताठ होत जाते. पत्ता लिहून दिला आहे, दोनदा आठवणही केली. 'जातो' म्हणतो.

आत्याला मात्र मी एप्रिलात उचलूनच नेलं. ती खारीगावला चुलतभावाकडे असते. माझी सगळी कथा तिने ऐकून घेतली होती, आणि डॉक्टर त्याला टॅटू म्हणतात हे कळल्यावर कपाळावरच्या आपल्या हिरव्या गोंदणाला हात लावून म्हणाली, "गोंदण म्हण की मग. चांदीचं गोंदण. आमच्या येळी असं कुणी केलं नाही." तिला न्यायचं कारण तिची जीभ नव्हतं. ती साठ वर्षं सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते, आणि मला आता ती डबी दिसली की काकांचा गुलकंद आठवायचा. पण "जीभ दाखवू या एकदा" म्हटल्याशिवाय ती उठली नसती.

खुर्चीत बसल्यावर तिने आधी पदर तोंडावर घेतला. डॉक्टरीणबाईंनी तो हळूच बाजूला केला. आत्याने डोळे मिटून जीभ बाहेर काढली. मीही ती इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. चव कळणारी जी बारीक बोंडं असतात, बरोबर त्यांच्याच माथ्यावर काळा रंग. मधली जागा लख्ख गुलाबी. ठिपके कसले, मोजून टाचलेल्या टिकल्या होत्या.

"हे असतं बऱ्याच जणांना. काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि जीभ सोडून त्यांनी खालचा ओठ उलटा केला. तिथे त्या थांबल्या. जिथे मिश्री भरली जाते तिथे पांढरट, सुरकुतलेली जागा होती, खूप वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी. त्यांनी पट्टी लावून मोजली, फोटो काढला, बोटाने दाबून बघितली. मिश्री आजपासून बंद. दोन आठवड्यांनी परत यायचं. कमी झालं तर उत्तम, नाही झालं तर तुकडा.

रिक्षात आत्या गप्प होती. कळव्याच्या पुलावर आल्यावर म्हणाली, "जिभेचं काय म्हनली मग ती?"

"काही नाही म्हणाली."

"म्हंजी? काहीच न्हाई?"

"काहीच नाही. बऱ्याच जणांना असतं."

पुलाखाली खाडीला ओहोटी होती. ती बाहेर बघत होती. "दोन डोळं तरी नीट लावायचे व्हते तिनं," ती जरा रागातच म्हणाली. आणि मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, "मग मला दुधापाशी कशाला बसवलं व्हतं आईनं?"

रिक्षा सिग्नलला थांबली. आत्याने कनवटीचा बटवा काढला, त्यातली डबी काढली, उघडली नाही.

"दोन आठवडे म्हंजी चौदा दिस ना गं?"

"हो."

"तू मोज," म्हणाली, आणि डबी माझ्या पर्समध्ये टाकली.